सोड, सुकदेवा!

सुकदेव गावित पहिल्यांदा माझ्या खानावळीत जेवायला आला तेव्हा दारातच वाकला, उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवून आत आला. माझी खानावळ पंचवटीत, त्यामुळे पाया पडणारे मी रोज बघते. पण ते देवळात. मी म्हटलं, "अरे, इथे देव नाही, पिठलं आहे." तो ओशाळून हसला. "सवय हाय, मावशी. कबड्डीच्या मैदानात शिरताना लावतो, तर हात आपसूक जातो."

पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा हा मुलगा कबड्डीच्या जोरावर नाशिकच्या कॉलेजात आला होता. घरची माणसं भाताची कापणी उरकली की मजुरांच्या रांगेत उभी राहून द्राक्षबागांत कामाला जायची. "त्या रांगेत मला उभं राहायचं नाय," एवढं एकच तो स्वतःबद्दल ठासून सांगायचा. एरवी बोलणं कमी आणि भूक राक्षसाची. पोळ्यांचा ढीग संपवून शांतपणे विचारायचा, "पोळ्या लय चांगल्या होत्या. आता जेवण कधी?" शेवटी मी त्याच्यासाठी नागलीच्या भाकरी थापायला लागले. तोंडाने शिव्या घालत थापायचे, पण थापायचे.

देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त हवालदारांनी त्याची पकड पाहिली आणि त्याला रग्बीत ओढलं. लांबट चेंडू, गुडघे फुटेपर्यंत झोंबाझोंबी, आणि वर नियम असा की पळायचं पुढे पण चेंडू हाताने द्यायचा मागे. मी म्हटलं, "हा कसला उफराटा खेळ?" त्यावर सुकदेव म्हणाला, "भात लावताना आम्ही मागं मागंच सरकतो, मावशी. तरी शेत भरतंच ना?" मी आणखी एक भाकरी वाढली.

पुढे रग्बीची पगारी लीग निघाली आणि परगावच्या एका संघाने त्याला निवड शिबिराला बोलावलं. आठवड्याभरात, दोन सराव सामन्यांमधल्या सुटीत, तो पडलेल्या चेहऱ्याने परत आला. कबड्डीत धरलेल्या गड्याचा दम सुटेपर्यंत त्याला सोडायचं नसतं. रग्बीत उलट, गड्याला खाली पाडलं की त्याच क्षणी सोडून उठावं लागतं, मगच चेंडूला हात; नाहीतर दंड. सुकदेव पाडायचा झकास, पण सोडायचाच नाही. त्याच्या दंडांमुळे संघ पहिला सराव सामना हरला. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, पुढच्या सामन्यात पुन्हा असं झालं तर सामान बांधायचं. "डोक्याला समजतं, मावशी," तो आपल्या पंजांकडे बघत म्हणाला, "ह्यांना समजत नाय." त्याचा भाऊ त्या आठवड्यात बागेत कामाला निघाला होता आणि त्याने सुकदेवसाठीही जागा धरून ठेवली होती.

यावर तोडगा काढला खानावळीतल्या टवाळ पोरांनी. सुकदेवने पाण्याचा तांब्या खाली टेकवला की सगळी पंगत ओरडायची, "सोड!" बादली, भाकरीची टोपली, दाराची कडी, काहीही धरलं की "सोड!" आणि त्याने ताबडतोब दोन्ही पंजे उघडून वर करायचे. एकदा आमटीचं पातेलं अर्ध्यातच सोडलं. त्या दिवशी सगळे पिठल्यावर जेवले आणि मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी "सोड!" ओरडणारी पहिली मीच होते.

सुकदेव शिबिराला परत गेला आणि त्याचा दुसरा सामना आम्ही एका पोराच्या मोबाइलवर थेट पाहिला. शेवटची मिनिटं होती. समोरच्या संघाचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन सुसाट आला आणि सुकदेवने त्याला शेवटच्या रेषेच्या अलीकडे घोट्याला धरून आडवा केला. आम्ही सगळे छताकडे तोंड करून किंचाळलो, "सोड!" त्याला काय ऐकू जाणार? पण त्याचे पंजे उघडले, वर गेले, आणि उठून त्याने त्या गड्याच्या हातून चेंडू हिसकावून घेतला. मी पदराने डोळे पुसले आणि पोरांना सांगितलं, कांदा चिरत होते म्हणून.

चार हंगाम तो पगारी खेळाडू होता. पाड्यावर पक्कं घर झालं, भाऊ बागेतून परत आला. मग खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, पुन्हा निखळला. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला तेव्हा तो माझ्याकडे आला आणि जेवलाच नाही. त्याने ताट परत केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जाताना म्हणाला, "आता परत त्या रांगेत, मावशी." नंतर वर्षभर पत्ता नाही. मी मनाशी धरून चालले होते, गेला पोरगा बागेत.

गेल्या महिन्यात भर दुपारी दारात त्याचा आवाज आला, "मावशी, भाकरी हाय का?" मागे चपट्या पायताणांतल्या, उन्हाने रापलेल्या मुलींचा घोळका. पाड्यावरच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या. पावसात माळावर आणि कापणी झाली की भातखाचरात, असं तो त्यांना वर्षभर रग्बी शिकवत होता. त्या दिवशी देवळालीच्या मैदानावर त्यांची निवड चाचणी होती. "लय धरून ठेवतात," तो कौतुकाने कुरकुरला.

मी आत या म्हटलं. पहिली मुलगी दारात वाकली, तिने उंबरठ्याला हात लावला, कपाळाला टेकवला. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. अशी अख्खी रांग लागली, आणि सुकदेव त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता.

मी परातीत नागलीचं पीठ ओतलं.