तिघांचं काम, माझंच नाव

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट तिघांचा होता आणि लॅपटॉप एकच, माझा. तो आळीपाळीने फिरायचा. आमच्या लाखनीहून मित्राकडे कोंढ्याला, तिथून मैत्रिणीकडे आंबागडला, एसटीत मांडीवर बसून.

धानाच्या रोवणीत कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवायला बाया जातील, याची पाळी लावणारं अ‍ॅप आम्ही करत होतो. मित्राने गावोगावी फिरून माहिती आणून भरली. पाळीचं सगळं गणित मैत्रिणीने लिहिलं. मी स्क्रीन सजवल्या. दोघांवर डाफरायचं कामही माझ्याचकडे होतं.

लॉगिन मात्र माझं एकटीचंच; लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे तेच नाव पडायचं. वेगवेगळं उघडू या म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली, "एकाच लॅपटॉपले तीन लॉगिन कायले वं?" मलाही ते पटलं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी कोणती ओळ कोणी लिहिली, ते उघडून पाहिलं. सगळीकडे माझंच नाव.

"काम एकीनेच केलेलं दिसतंय. या दोघांना मी पास कसं करू?"

मैत्रिणीचा चेहरा पार उतरला. तिला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचं होतं. इथे नापास म्हणजे वर्ष गेलंच. मी तावातावाने बोलायला लागले, तर सरांनी मलाच गप्प केलं. पाळीच्या गणितातला एक तुकडा त्यांनी पुसला आणि म्हणाले, "नाव तुमचं आहे ना? लिहा पुन्हा."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं बोलले तर माझे मार्क जाणार, एवढं मात्र नीट कळत होतं. मी खुर्चीवरून उठले.

"सर, मले नाही येत. हे तिनं लिवलं."

मैत्रीण बसली. "ज्याच्या बांधीत पाणी आधी, त्याची पाळी आधी" असं पुटपुटत तिने सगळं पुन्हा लिहिलं. अ‍ॅप चाललं. मग सरांनी मित्राला गावांबद्दल विचारलं, तर तो थांबेचना.

तिघंही पास झालो. तिला सगळ्यांत जास्त मार्क, मला सगळ्यांत कमी. आई भडकली, "लॅपटॉप आपला, अन् मार्क तिले?" खरं सांगते, मलाही झोंबलं होतं. पण निकाल लागताच मैत्रिणीचा फोन आला होता आणि स्वतःचे मार्क सांगायच्या आधी तिने विचारलं होतं, "तुले किती कमी देल्ले वं, माझ्यापायी?"