सनई धाकल्याच्या हाती

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण सनईच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेतलं नाही. गंगाखेडपासून वालूरपर्यंत लग्न निघालं की लोक आधी मला मोकळा दिवस विचारायचे, मग भटजीला. फुशारकी नाही, होतं तसं सांगतो.

आमची दोघा भावांची जोडी होती. मी चाल वाजवायचो, धाकला सूर धरायचा. सूर म्हणजे एकच स्वर. बोटं हलवायची नाहीत, गालात हवा धरायची आणि तो स्वर तुटू द्यायचा नाही. लोक त्याला चिडवायचे, "तुला काय येतंय रं, नुसतं पोंऽऽ?" तो हसायचा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळी, मग शेजारचं बोट. परभणीचा डॉक्टर म्हणाला, मानेतली शीर दबली, सनई सोडा. मी म्हणालो, "डॉक्टरसाब, तुमी सुई सोडता का?" घरी येऊन बायकोकडून मानेला कोमट तेल लावून घेतलं आणि वाजवत राहिलो.

पुढं पालमला एक लग्न होतं. त्या दिवशी बंद, एसटी नाही. बैलगाडीत मानेला हिसके बसत गेले. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि माझी दोन बोटं मेल्यासारखी झाली. भोकं झाकेनात. चाल तुटली. तेवढ्यात धाकल्यानं सूर असा काही भरला, की लोकांना वाटलं हे असंच असतं. एक म्हातारा म्हणाला, "वा! काय थांबलात!" मला मात्र कळलं, आता हा मला ओढायलाय.

पुढचं बोलायला मला सगळा पावसाळा लागला. "आजपासून चाल तू वाजव," मी त्याला म्हणालो, "सूर मी धरतो."

"न्हाई दादा."

"का? येत न्हाई?"

"येतंय की." त्यानं मान खाली घातली. "तुमच्या समोर न्हाई."

आमच्या घरची रीतच ती. थोरला बसलेला असताना धाकल्यानं चाल उचलायची नाही. तरी मी अंगणात बळंच बसवला. माझी सनई त्याच्या हातात दिली, सूर धरला. त्याचे ओठ सुकले. फुंक मारली तर नुसती हवा. डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं नाही असं दाखवलं.

मला वाजवता येईना, आणि मी बसलो तर तो वाजवीना. म्हणजे उठायचं मीच. सूर धरायला चुलतभावाला घेतलं आणि मी लग्नाला जाणं सोडलं.

पण कान थोडेच ऐकतात? वालूरच्या लग्नाला फेट्याचा सोगा तोंडावर ओढून गेलो, मंडपामागं आचाऱ्याच्या चुलीपाशी बसलो.

"कोण तुमी?" आचाऱ्यानं विचारलं.

"नवरीकडला."

"मग बसलात कशाला? कांदा चिरा."

या हातानं विळीवर कांदा काय धरणार? लसूण सोलत बसलो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि धाकल्याची सनई उठली. चाल माझीच. पण मी जिथं जोर लावायचो, तिथं तो हळूच खाली उतरला, निजलेल्या लेकराला खाली ठेवावं तसा. चुकलं, म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चुकलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून हा काय काय ऐकत होता, ते मला त्या धुरात कळलं. आचारी म्हणाला, "पाव्हणं, धूर लागला का डोळ्याला?" मी म्हणालो, "लय."

दुसऱ्या दिवशी धाकला घरी आला. माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाला, "वैनी, दादाच्या हाताला लसणाचा वास येतोय का?"

"कशाचा लसूण?" मी ओरडलो.

"असू द्या." तो चहा बशीत ओतत म्हणाला, "सोमवारी पालमला लग्न हाय. तिथल्या आचाऱ्याला सांगून ठेवलंय, आमचे एक पाव्हणे चुलीपाशी बसतील, त्यांना काम सांगू नका म्हणून."