नावडत्या नाटकाचा हजारावा प्रयोग

चूक माझीच होती. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळा.

आमच्या शहरातल्या सगळ्यांत लोकप्रिय विनोदी नाटककारांच्या सगळ्यांत लोकप्रिय नाटकाचा हजारावा प्रयोग व्हायचा होता. त्यानिमित्त नाट्यसंस्था स्मरणिका काढणार होती आणि ती ज्या छापखान्यात छापली जाणार होती, तिथे मी मुद्रितं तपासायचो. लहान गावच्या शाळेत आमच्या भाषेच्या बाई एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, 'ह्याला लिहिण्याचं अंग आहे.' ही गोष्ट मी शहरात इतक्या जणांना ऐकवली की संस्थेच्या सेक्रेटरींनी कंटाळून मला स्मरणिकेच्या समितीवरच घेतलं. मी लगेच अंग दाखवायला सुरुवात केली. म्हटलं, जुन्या मंडळींकडून एक फॉर्म भरून घेऊ. त्यात दोनच प्रश्न. आबांच्या नाटकांतलं तुमचं सर्वांत आवडतं नाटक कोणतं, आणि सर्वांत नावडतं कोणतं? आबा म्हणजे नाटककार. त्यांना त्यांच्या वडिलांनी ठेवलेल्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

"नावडतं कशाला विचारायचं?" सेक्रेटरी दचकले.

"गंमत म्हणून. छापायचं नाही. आपल्यापुरतं."

बावीस फॉर्म परत आले. एकवीस जणांचं आवडतं नाटक एकच: 'सासरेबुवा गप्प का?' म्हणजे हजाराव्या प्रयोगाचं. नावडत्याच्या रकान्यात तर भक्तीचा नुसता पूर आला होता. कुणी 'प्रश्नच उद्भवत नाही' लिहिलं होतं, कुणी 'आईला विचारतात का, नावडतं मूल कोणतं?' खजिनदारांनी तो रकाना भरायचा नाही असं समजून त्यात आडवी रेघ मारली होती आणि रेघेखाली सही केली होती. त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर नटवर्यांचं. सासरेबुवांची भूमिका पहिल्या प्रयोगापासून तेच करत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'ज्यात मी नाही ते.'

बाविसावा फॉर्म मुंगीएवढ्या अक्षरात होता. आवडतं: 'दोन जिने वर.' नावडतं: 'सासरेबुवा गप्प का?'

'दोन जिने वर' हे आबांचं नाटक सहा प्रयोगांत बंद पडलं होतं. सहाव्या प्रयोगाला खुर्च्यांवर होती त्यापेक्षा स्टेजवर माणसं जास्त होती म्हणतात. आबांसमोर त्याचं नाव कुणी काढत नसे. आणि हा फॉर्म होता पुटपुटेकाकांचा.

पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते संस्थेचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की हळूच वाक्य सुचवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं आणि त्या कामाचा आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा जाऊन बसला होता. ते घरीदारी कुजबुजतच बोलायचे. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर नोकरी. माणूस तावातावाने यायचा आणि ऐन वेळी अडखळायचा. मग काका जाळीतून हळूच सुचवायचे, "'तीन दिवस झाले' म्हणा. 'घरात आजारी माणूस आहे' म्हणा." तक्रारी इतक्या नामी व्हायला लागल्या की साहेबांनी त्यांना उचलून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे सुचवायला कुणी नव्हतं. तिथूनच ते निवृत्त झाले.

'सासरेबुवा'च्या नऊशे नव्याण्णव प्रयोगांना ते स्टुलावर होते. एकही चुकवलेला नव्हता. हजारावा करायचा आणि स्टूल सोडायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी मला मुद्दाम छापखान्यात येऊन सांगितलं.

"पण काका, तुमचं तर ते नावडतं नाटक!"

"मग? नावडती नोकरी माणूस पेन्शनपर्यंत करतोच ना? मुद्रितात दुसराही रकाना आलाय, तो काढला जातोय ना?"

"जातोय, जातोय."

"आत्ता काट मारा. माझ्यासमोर." त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

मी पेन्सिल टेकवली, तेवढ्यात फोन वाजला. कव्हरवर आबांचा फोटो हसरा हवा की विचारमग्न, यावर सेक्रेटरींनी पंधरा मिनिटं घेतली. पेन्सिल माझ्या कानावर गेली, काका घरी गेले आणि मुद्रितं मशीनवर गेली. पाचशे प्रती. दोन्ही रकान्यांसकट.

आबांनी स्मरणिका प्रयोगाच्या तीन दिवस आधी वाचली. आदळआपट केली नाही. विनोदी लेखकाला राग आला की तो प्रेमळ होतो, हे मला तेव्हा कळलं. ते सेक्रेटरींना म्हणाले, "अरेरे, पुटपुट्यांना आपलं नाटक आवडत नाही आणि आपण त्यांना नऊशे नव्याण्णव वेळा ऐकवलं! आता आणखी छळ नको. त्यांना तिसऱ्या रांगेतला पास द्या. मानाने बसवा." आणि स्टुलावर आबांचा भाचा बसला. त्याच्या हातात टॅब्लेट, तोंडाशी माइक आणि नटवर्यांच्या कानात ऐकू येण्याचं एक इवलंसं यंत्र. सगळं एकदम आधुनिक.

मी काकांच्या घरी माफी मागायला गेलो. दार काकूंनी उघडलं. त्या घरात एकच आवाज आहे आणि तो काकूंचा.

"हाच का तो?" त्या आत बघून ओरडल्या. "अहो, हाच का तो दीडशहाणा?"

आतून काहीतरी कुजबुज आली.

"ते म्हणतायत, बसा," काकूंनी भाषांतर केलं.

काका पलंगावर बसले होते. समोर पत्र्याची ट्रंक उघडी, आत आबांच्या सगळ्या नाटकांच्या संहिता. मी आयुष्यात इतक्या पडेल चेहऱ्याने कुठे बसलो नव्हतो. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "काका, पण 'दोन जिने वर'च का?"

त्यांनी त्याची संहिता काढून माझ्या मांडीवर ठेवली. पानं कोरी करकरीत. मग 'सासरेबुवा'ची ठेवली. तिला गोवर झाला होता. पानोपानी लाल ठिपके.

"नट अडला की एक ठिपका," काका कुजबुजले. "वाक्य खरं असलं की नटाच्या तोंडात आपोआप बसतं. ओढूनताणून केलेलं असलं की घसरतं. 'दोन जिने वर'मध्ये मला सहा प्रयोगांत एक शब्द सुचवावा लागला नाही. लोक हसले नाहीत, ते सोडा. दोन भाऊ एका इमारतीत राहतात आणि बोलत नाहीत, ह्यावर काय हसायचं? ते आबांनी मनापासून लिहिलं होतं. नंतर पुन्हा तसं केलं नाही. शहाणे झाले."

आमच्या समितीने अकरा पानांत आबांची जी समीक्षा छापली होती, तिच्यापेक्षा ही बरी होती. मी 'सासरेबुवा'ची पानं उलटत होतो. तिसऱ्या अंकातल्या सगळ्यांत जास्त ठिपक्यांच्या पानावर एकच ओळ स्वच्छ होती: 'तीनदा सांगितलं! चौथ्यांदा सांगणार नाही!'

ही ओळ माहीत नाही असा माणूस आमच्या शहरात नाही. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, जो तो ज्याला त्याला ऐकवतो. दोन अंक तोंडातून चकार शब्द न काढलेल्या सासरेबुवांना बायको विचारत असते, 'कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?' आणि हा गृहस्थ पहिल्यांदा तोंड उघडतो तो असा खेकसायला. ही ओळ कशी सुचली, यावर आबांनी मुलाखती दिल्या आहेत. एकीत ती दाढी करताना सुचली, एकीत आगगाडीत, आणि एकीत ती त्यांच्या वडिलांची होती.

"ही मात्र चांगली ओळ आहे," मी म्हटलं.

"असणारच!" काकू स्वयंपाकघरातून गरजल्या. "ह्यांचीच आहे ना ती!"

काका इतके लाजले की मला वाटलं, आता ट्रंकेत शिरतात. मग हळूहळू बोलले. "पहिल्या प्रयोगाला तिथे दुसरंच वाक्य होतं. 'तुझ्याच पर्समध्ये आहे.' नटवर्य अडले. मी सुचवलं. त्यांना ऐकू गेलं नाही. परत सुचवलं. नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात. तरी माझ्याकडे बघतायत आपले. माझं डोकंच फिरलं. डोळे वटारून म्हटलं, 'तीनदा सांगितलं! चौथ्यांदा सांगणार नाही!' तेवढं बरोब्बर ऐकू गेलं. त्यांना वाटलं, हेच वाक्य. गर्रकन वळले आणि बायकोच्या अंगावर ओरडले."

"आणि?"

"दीड मिनिट हशा. दुसऱ्या दिवशी आबांनी ओळ संहितेत घालून टाकली. तेव्हापासून मी रोज त्या जागी डोळे वटारायचे, मग नटवर्यांनी बोलायचं. डोळे वटारल्याशिवाय त्यांना येतच नाही ते."

"आबांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. शंभराव्या प्रयोगाला सांगितलं, प्रस्तावनेत एक ओळ लिहा, बाकी काही नको. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पाचशेव्याला परत सांगितलं. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू." त्यांनी संहिता माझ्या मांडीवरून उचलून मिटली. "परवा हजारावा आहे. म्हटलं होतं, स्टुलावरून उठताना पुन्हा एकदा सांगावं."

यावर मला काही सुचलं नाही, आणि सुचवणारा माणूस तर समोर गप्प बसला होता.

प्रयोग दुपारी चारचा. मी काकांच्या शेजारची खुर्ची मागून घेतली. काकांनी नाटक समोरून पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्या अंकात ते म्हणाले, "अरे, ह्या भिंतीला खिडकी आहे!" दोन अंक त्यांचे ओठ हलत होते. हात मधूनमधून खिशाकडे जात होता, पेन्सिल शोधायला. मी तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचो.

तिसऱ्या अंकात नटवर्यांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारू लागलं. त्यांनी डोकं खाजवल्याचा अभिनय करत ते काढलं आणि सोफ्याच्या उशीखाली सारलं. मग ती जागा आली.

"कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?" बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलं.

नटवर्यांनी सवयीने विंगेत पाहिलं. तिथे डोळे वटारणारं कुणी नव्हतं. भाचा टॅब्लेटमध्ये मान घालून माइकमध्ये बोलत होता, आणि त्याचं सुचवणं सोफ्याच्या उशीला ऐकू जात होतं. उशी बारीक आवाजात गुणगुणायला लागली.

"किल्ली कुठे ठेवलीत म्हणते मी!"

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. मग खोकायला लागले.

"काका, सांगा ना!" मी त्यांचा दंड धरला.

"मी पासवर आलोय," काका म्हणाले.

बाईंनी किल्लीचं चौथ्यांदा विचारलं, आणि पहिल्या रांगेतून खुद्द आबा अर्धवट उठले. तोंडाशी हात धरून म्हणाले, "तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगणार नाही!"

"काय?" नटवर्य कानाला हात लावून पुढे आले.

"तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगणार नाही!"

"काय म्हणालात?"

"तीनदा सांगितलं..." आबा आता पुरते उभे राहिले होते. शाल एका खांद्यावरून लोंबत होती. "चौथ्यांदा सांगणार नाही!"

नटवर्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "जरा मोठ्याने बोला."

आणि आबांचं डोकं फिरलं. चेहरा लालबुंद, डोळे वटारलेले. ते खरोखर, अगदी पोटातून, ओरडले, "अहो बहिरोबा! तीनदा सांगितलं! चौथ्यांदा सांगणार नाही!"

ते डोळे दिसताक्षणी नटवर्यांचा चेहरा उजळला. गर्रकन वळून त्यांनी बाईंवर वाक्य सोडलं आणि नाट्यगृह फुटलं. असा हशा त्या इमारतीने ऐकला नसेल. आणि त्यात एक आवाज माझ्या शेजारून येत होता, वर्षानुवर्षं न उघडलेलं शटर कुणी वर ढकलावं तसा. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. पुटपुटेकाका हसत होते. मोठ्याने. काकूंना घरी ऐकू गेलं असतं.

प्रयोगानंतर गर्दीतून आबा स्वतः आमच्याकडे आले. लोक त्यांना सांगत होते, काय योजना होती, आबा! प्रेक्षकांतून संवाद! आबा नाही म्हणत नव्हते.

"हसलात म्हणे तुम्ही," ते काकांना म्हणाले. "म्हणजे आवडलं तर नाटक शेवटी."

"आज आवडलं," काका म्हणाले. आवाज अजून खाली उतरलेला नव्हता, आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. "आज ते वाक्य तुमचं होतं."

आबा क्षणभर गप्प. सासरेबुवांच्या वरताण गप्प. मग त्यांनी काकांच्या खांद्यावर थोपटलं, "बघू, बघू," म्हणाले आणि फोटो काढणाऱ्यांकडे वळले.

नवी आवृत्ती दोन महिन्यांत आमच्याच छापखान्यात आली. मी प्रस्तावना चार वेळा तपासली. तिच्यात काकांचं नाव कुठेही नव्हतं. तिसऱ्या अंकात मात्र कंसात भर पडली होती: 'इथे नाटककाराने प्रेक्षकांतून उठून ओरडावे.'

मी काकांना फोन केला. म्हटलं, आता तरी आबांना सुनवा. तुमचं दोनदाच सांगून झालंय, तिसऱ्यांदा सांगा.

"सांगेन," काका कुजबुजले. "घाई काय आहे? एकदा शिल्लक आहे, ते जपून वापरायला हवं." मग जरा थांबून, "आणि माझी पेन्सिल?"

"उद्या घेऊन येतो, काका."

हे मी त्यांना दुसऱ्यांदा सांगत होतो. पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे.