भागवतचा दुसरा बायोडेटा

औशाच्या बसस्टँडसमोर आरतीचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि बायोडेटा, असं पाटीवर लिहिलंय. आता बायोडेटा म्हटलं की आमच्या भागात तो लग्नाचा. नोकरीलाही तसला कागद लागतो, हे अलीकडचं खूळ. त्यामुळे भागवत दुकानात येऊन "ताई, बायोडेटा पाहिजे, नोकरीचा" म्हणाला, तेव्हा आरतीने नवं पान न काढता त्याची जुनीच फाइल उघडली. ती तिनेच टाइप केलेली होती. दर दिवाळीला ती त्यातला फोटो बदलून द्यायची. वय तेवढं बदलायचं नाही, अशी भागवतच्या मामांची सक्त ताकीद होती.

भागवत खरा तिशीला टेकलेला. औसा तालुक्यातल्याच एका खेड्याचा, अंगाने काटक, बोलायला कमी. लातूरच्या आयटीआयमधून फिटर झालेला. घरी आई-वडील, चार एकर जमीन आणि दोन म्हशी. त्याचं लग्न का जमत नव्हतं हे सांगायला ज्योतिषी नको. मुलीच्या बापाला जमीन पाहिजे असते, पण ती कसणारा जावई नको असतो. जमीन सातबाऱ्यावर दिसावी आणि जावई पुण्यात असावा. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याच्या पाठीवर पंप देऊन त्याला भर उन्हात फवारणीला लावलं पाहिजे, पण तो विषय निराळा.

या अडचणीवर मामा शेषेराव यांनी इलाज काढला होता. आयटीआयनंतर थोडे दिवस ट्रॅक्टरच्या गॅरेजात काढून भागवत चाकणला एका कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून गेला होता. खोकी उचलायची, पट्ट्या मारायच्या, ट्रकात चढवायची. वर्षभर हे केलं. मग लॉकडाऊन लागलं, ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं, आणि भागवत गावी आला तो आलाच. गावातल्या एका बागायतदाराने मळणी यंत्र घेतलं होतं, त्यावर तो चालक म्हणून लागला. तेव्हापासून दर हंगामात तो यंत्र घेऊन निलंगा, देवणी, अहमदपूर असा गावोगाव हिंडायचा. आधी सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. पट्टा तुटला तर पट्टा, चाळणी फाटली तर चाळणी, सगळं आपल्याच हाताने करायचा. हंगाम संपला की घरची शेती.

मामांनी त्या एका वर्षाला ताणून लांब केलं. बायोडेट्यात लिहिलं, 'नोकरी: नामांकित कंपनीत सुपरवायझर, चाकण, पुणे.' चार एकराचे नऊ झाले, कारण चुलत्याची जमीन त्याच बांधाला लागून होती.

"यात खोटं काय हाय?" मामा तेव्हा म्हणाले होते. "कंपनी खरी, चाकण खरं, तू तिथं व्हतास हे बी खरं. हुद्दा जरा वर सरकवला, एवढंच."

भागवत तेव्हा हो म्हणाला होता. सगळेच असं करतात, हे त्याला माहीत होतं. गावात कुणी चौकशीला आलं तर काय सांगायचं हे पारावरच्या माणसांनाही माहीत होतं. आज तुझ्या पोराचं, उद्या माझ्या पोराचं. या बाबतीत गावाची जेवढी एकी असते तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असती तर रस्ते झाले असते.

आणि त्याच बायोडेट्यावर अहमदपूरकडचं स्थळ आलं. मुलगी सिंधु, बी.ए. बी.एड., खाजगी शाळेत शिकवणारी. तुळशीचं लग्न झाल्यावर बघण्याचा कार्यक्रम झाला. पोरगी मान खाली घालून बसली नाही. चार माणसांत तिने भागवतला विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" तो म्हणाला, "पिठलं येतं." ती हसली, आणि भागवतचं काम तिथेच झालं. खरं सांगायचं तर तो त्या हसण्याच्या आधी नुसता लग्नाला तयार होता. आता त्याला सिंधुशीच लग्न करायचं होतं.

मग फोन सुरू झाले. मधल्या सुट्टीत ती फोन करायची. हा रानात असायचा. घाईघाईने मोटर बंद करून, शेजारच्याला हाताने गप्प बसवून तो बोलायचा. एकदा म्हैस ओरडली. "कंपनीत म्हशी हायेत का?" तिने विचारलं. "गेटाबाहेर लई असतात," हा म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

अशात सिंधुचे काका निवृत्ती यांचा मामांना फोन आला. काका लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनच्या प्लांटवर स्टोअरकीपर होते. प्लांटवर येणारा माल साफ करायच्या विभागात ऑपरेटरची जागा निघाली होती. "पोरगा पुण्याहून जवळ आला तर आमच्या पोरीला बी बरं," काका म्हणाले. "त्याचा बायोडेटा माझ्या मोबाइलवर पाठवा. मी साहेबाला देतो." मामा हरखले. नोकरी आणि सोयरीक एकाच दारातून येत होती.

म्हणून भागवत आता आरतीसमोर स्टुलावर बसला होता, आणि ती एकेक ओळ उडवत होती.

"वरचं गणेश प्रसन्न काढते. रास, नाडी, जन्मवेळ काढते. रंग गव्हाळ, हे कशाला पाहिजे प्लांटला? देवक गेलं. मामाचं कूळ गेलं."

"मामाचं बी काढायचं?"

"मामा चालवणार हायेत का मशीन?"

शेवटी वरती नाव, खाली आयटीआय आणि मधे सुपरवायझरची ओळ तेवढी उरली. आरतीने हात थांबवला. "दादा, हे ठेवायचं का? नोकरीवाले अनुभवाचं प्रमाणपत्र मागतात. कंपनीला फोन लावतात. लग्नवाल्यांसारखं पारावर विचारून जात न्हाईत."

भागवतने मोबाइलवर काकांनी पाठवलेली जाहिरात काढली. एवढे दिवस त्याने ती नीट वाचलीच नव्हती. 'मळणी अथवा धान्य सफाई यंत्र चालवण्याचा व दुरुस्तीचा अनुभव आवश्यक.' त्याने ती दोनदा वाचली.

ही जागा त्याच्यासाठीच निघाल्यासारखी होती. पण मळणीची पाच वर्षं लिहायची म्हटली, तर त्याच पाच वर्षांत तो चाकणला सुपरवायझर होता. कागद जाणार होता सिंधुच्या काकांच्या हातात. खरं लिहावं तर सिंधु जाते, खोटं ठेवावं तर नोकरी जाते. दोन्ही पाहिजे असतील तर एकाच माणसाने एकाच वेळी दोन जिल्ह्यांत राबलं पाहिजे.

त्याने मामांना फोन लावला. मामांना सगळं कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ते ठाम होते. "मळणीचं एक अक्षर लिहायचं न्हाई. नोकऱ्या छप्पन येतील. अशी पोरगी हातची गेली तर तू जलमभर म्हशी धुत बसशील."

"पण मामा, काम तर मला तेच येतं."

"येऊ दे की. येत न्हाई असं कोण म्हणून राहिलंय? लिहू नको म्हणतोय मी."

फोन ठेवून भागवत रस्त्याकडे बघत बसला. आरती दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड छापून आली तरी तो तसाच होता.

"एक सांगू का दादा?" ती म्हणाली. "माझ्या दुकानातून वर्षाला शंभरेक बायोडेटे जातात. त्यात एक बी पोरगा शेतकरी न्हाई. तालुक्यातली शेती कोण करून राहिलंय, देव जाणे."

भागवतला हसू आलं, आणि हसता हसता त्याला स्वतःची लाज वाटली. त्या पाच वर्षांत त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. उलट ज्या गावात एकदा यंत्र नेलं तिथून दुसऱ्या साली त्याच्याच नावाने बोलावणं यायचं. आणि तीच पाच वर्षं तो चोरीच्या मालासारखी लपवून ठेवत होता.

"लिहा," तो म्हणाला. "चाकण, एक वर्ष, हेल्पर. मग मळणी यंत्र चालक, पाच हंगाम. दुरुस्ती बी लिहा. आणि घरची शेती."

"शेती बी?"

"हाव. चार एकर."

एकराचं काही लिहायचं नसतं, असं आरतीने सांगितलं. पण शेतीची ओळ तिने ठेवली. भागवतने तिथेच बसून तो कागद काकांना पाठवला.

संध्याकाळच्या आत काकांचा फोन आला. "भागवतराव, मळणीचं खरं हाय का?"

"खरं हाय."

"आन् सुपरवायझर?"

"ते न्हाई. हेल्पर व्हतो. पाच वर्षं झाली, गावातच हाय मी."

काका म्हणाले, "सोमवारी प्लांटवर या. साहेब मशीनवर उभं करून बघतील. नोकरीचं नोकरीच्या जागी. सोयरिकीचं मी बोलणार न्हाई, ते आमचे दादा बघतील."

दादांनी, म्हणजे सिंधुच्या वडिलांनी, लगेच बघितलं. त्यांनी मामांना फोन करून एवढंच सांगितलं की साखरपुड्याची तारीख काढू नका. मामा भागवतशी त्या दिवसापासून बोलेनासे झाले.

सोमवारी भागवत लातूरला गेला. साहेबांनी त्याला साफसफाईच्या मशीनपाशी नेलं. माती-काडीचं मातेरं मालाबरोबर पुढे जात होतं. त्याने हवा आणि चाळणीचा उतार बघितला, काय बदलावं लागेल ते सांगितलं आणि साहेबांनी बदलू दिलं. पुढच्या एक तारखेपासून या म्हणाले. हे सगळं एवढं सरळ झालं की त्याला आनंद करायला कुणी सापडेना. तो बसस्टँडवर येऊन औशाच्या गाडीची वाट बघत बसला, आणि तेव्हा सिंधुचा फोन आला.

"लागली का नोकरी?"

"लागली."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही काकाला सगळं कळवलं. मला न्हाई कळवलं."

"खरं ते लिहून दिलं की मी," भागवत म्हणाला.

"नोकरीसाठी दिलं. तिथं मळणीचा अनुभव पाहिजे व्हता म्हणून. पाहिजे नसता तर?"

गेले तीन दिवस भागवत मनातल्या मनात स्वतःला खरं बोलणारा माणूस समजत होता. मामा रुसले, स्थळ मोडलं, तरी आपण खरं केलं, या समाधानावर तो जेवत होता. ते समाधान तिने एका प्रश्नात काढून घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

"बाबा न्हाई म्हणतायत," सिंधु म्हणाली. "मी अजून काहीच म्हणलेलं न्हाई. काकाच्या मोबाइलवरचं वाचून मी काही म्हणणार बी न्हाई. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"पाच वर्षं काय केलं ते."

औशाची गाडी लागली. भागवत जागचा उठला नाही. त्याने चाकणहून परत आल्यापासून सुरुवात केली. पहिले सहा महिने तो घराबाहेर पडत नव्हता, हे सांगितलं. पहिल्या हंगामात देवणीकडे पट्टा तुटला, दुसरा मिळेपर्यंत रात्री यंत्राखालीच झोपला, आणि ज्यांचं सोयाबीन खोळंबलं होतं त्यांनीच भाकरी आणून दिली, हे सांगितलं. हे काम आपल्याला आवडतं, हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तो सुपरवायझरचा बायोडेटा कुणी केला?"

"मामानं," तो म्हणाला. "पण मी हो म्हणलो व्हतो."

पलीकडे मधली सुट्टी संपल्याची घंटा वाजली. सिंधुने फोन चालूच ठेवला.