नाहीबाईंची सही

ऑफिसात माझ्या मावशीला सगळे पाठीमागे 'नाहीबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं. "होबाई म्हणण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणायची.

तिचं काम जमिनीखालच्या गॅसचं. अडीच किलोमीटर खोल शेल नावाचा दगड असतो, इतका घट्ट की आतला गॅस जागचा हलत नाही. मग विहीर खोल नेऊन आडवी वळवतात, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत सोडतात. दगड तडकतो, वाळू भेगा मिटू देत नाही, गॅस बाहेर येतो. भेगा कुठवर जातील, विहीर पहिल्या वर्षी किती गॅस देईल आणि दहाव्या वर्षी किती, याचं मॉडेल मावशी कॉम्प्युटरवर मांडायची. "पहिल्या वर्षी सगळ्याच विहिरी नव्या जावयासारख्या वागतात," ती सांगायची. "खरं रूप नंतर कळतं."

कंपनीला एका जुन्या विहिरीशेजारी बारा नव्या विहिरी खणायच्या होत्या, शंभर-शंभर मीटरवर. मावशीच्या मॉडेलमध्ये अंतर दोनशेच्या खाली गेलं की एकीच्या भेगा दुसरीत घुसत होत्या. तिने अहवालात लिहिलं, सहाच.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, बारा लिहा. शेवटी मॉडेलच आहे, देव नाही."

"देव असता तर त्यालाही आकडा वाढवायला सांगितलं असतंत."

"सही करा."

"नाही."

आठवड्याभरात तिचा अहवाल फायलीतून गायब झाला आणि तिची रवानगी दगडांच्या गोदामात झाली. पत्र्याची लांब शेड, रॅकवर खोके, खोक्यांत विहिरींतून काढलेल्या दगडी कांड्या. काम काय, तर लेबलं तपासायची. काका, म्हणजे तिचा नवरा, बस चालवायचा. तो म्हणाला, "करून टाकायचीस सही. कोण बघायला जातंय खाली?"

"मी जाते ना," मावशी म्हणाली. "रोज तिथेच तर असते."

दुसऱ्या दिवसापासून ती लेबलं तपासून झाली की भिंग घेऊन कांड्यांतल्या बारीक चिरा मोजायला लागली.

पहिली नवी विहीर खणताना मध्ये रस्ता आला, म्हणून ती जुनीपासून सव्वादोनशे मीटरवर घ्यावी लागली. दगड फोडायच्या दिवशी मावशीने रजा टाकली आणि थेट जुन्या विहिरीवर गेली. तिथला ऑपरेटर तिचा जुना ओळखीचा. त्याला म्हणाली, "आज दर दहा मिनिटांनी दाब लिहून ठेवा. मी इथेच बसते."

दुपारपर्यंत काटा ढिम्म. मग अचानक चढला, चढतच गेला. संध्याकाळी जुन्या विहिरीतून गॅसबरोबर पाणी यायला लागलं, नव्या विहिरीत सोडलेलंच. महिन्याभरात जुन्या विहिरीचा गॅस निम्म्यावर आला.

बैठक बसली. मुख्य इंजिनिअर बाई बाहेरून आल्या होत्या. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती वही घेऊन गेली आणि खुर्ची ओढून बसली. तिने दाबाचे आकडे वाचून दाखवले.

साहेबांचे डोळे चमकले. "तुमच्या मॉडेलप्रमाणे सव्वादोनशेवर काही व्हायला नको होतं. म्हणजे तुमचंच चुकलं की!"

मावशी उभी राहिली.

"चुकलं. दगडात आधीपासून चिरा आहेत. त्या मी कमी धरल्या होत्या, गोदामात मोजल्या तेव्हा कळलं. मी सहा म्हटलं होतं. सहा नाही, चारच बसतात. आता बारा कुठून आणायच्या ते साहेबांनी सांगावं."

इंजिनिअर बाईंनी वही मागून घेतली आणि तिथेच बसून पानं उलटत राहिल्या. शेवटी चारच विहिरी खणायचं ठरलं.

मावशीला परत वर ऑफिसात बोलावलं, तर ती जाईना. "आधी माझा जुना अहवाल फायलीत लावा. चुकीसकट. आणि खाली नवा लावा." साहेब फणफणले, पाच महिने टाळाटाळ झाली. मावशी पाचही महिने गोदामात चिरा मोजत बसली. शेवटी दोन्ही अहवाल लागले, दोन्हींवर तिची सही.

नंतर तिने तिथे नऊ वर्षं नोकरी केली. साहेब तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र रोज सकाळी त्यांच्या दारात थांबून, सगळा मजला ऐकेल अशा आवाजात "नमस्कार साहेब" म्हणायची आणि मगच जागेवर जायची.