‘हलू नका’काकांचा नवा कॅमेरा

आमच्या शाळेच्या फोटोवाल्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. तीस वर्षं तो दरवर्षी एकेका वर्गाला ओळीत उभं करतो, एक डोळा मिटतो आणि छताचे पत्रे हादरतील अशा आवाजात ओरडतो, “हलू नका!” शिशुवर्गातली पोरंसुद्धा हनुवटी वर करून श्वास घ्यायची विसरतात. म्हणून तो ‘हलू नका’काका.

न हलणाऱ्या माणसाच्या फोटोत काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पंचाईत झाली ती हलणाऱ्यांची. गेल्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये व्हॉलीबॉलची स्पर्धा झाली आणि काकांचे फोटो फलकावर लागले. खेळाडूंच्या जागी नुसते धुराचे लोट! एका आईने आपली मुलगी बुटांवरून ओळखली, तर ते बूट निघाले दुसरीचेच. फ्लॅश मारावा, तर त्याने एका मुलीचे डोळे दिपले आणि तिचा चेंडू पंचांच्या कानावर बसला. तेव्हापासून फ्लॅशला बंदी.

यंदा मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, “काका, शनिवारी अंतिम सामना. या वेळी चेहरे दिसले नाहीत, तर वर्गाचे फोटोही मी दुसऱ्याला देईन.”

काका हिशेब करतच बाहेर पडले. शाळा गेली की उरणार ती पासपोर्टवाली आंबट तोंडं. रात्रंदिवस एकच घोकणी : कॅमेरा, कॅमेरा.

दुकानातली मुलगी उत्साही होती. “काका, याचा झूम बघा. चंद्रावरचे खड्डे दिसतात!”

“चंद्र राहू दे गं बाई. मला सात नंबरच्या पोरीचं नाक हवंय. तेही ती उडी मारताना, आणि मरतुकड्या ट्यूबलाइटखाली.”

काकांचा चेहराच असा झाला होता, की तिने तीन कॅमेरे एका रात्रीपुरते घरी नेऊ दिले.

काकांनी काकूंना अडगळीच्या खोलीत दिव्याखाली उभं केलं.

“मार उडी.”

“अहो, माझे गुडघे!”

“शाळा जाईल गं माझी!”

आवाज इतका रडवेला होता, की काकूंनी मुकाट्याने उडी मारली. पहिल्या कॅमेऱ्यात मेगापिक्सेल भरमसाट. त्यात काकूंचं भूत तेवढं मोठं आलं. चंद्रवाल्याला लांबचं जवळ ओढताना उजेडच पुरेना. तिसरा वापरलेला, झूम नसलेला, पण भिंगाचं तोंड हे एवढं रुंद, उजेड भरभरून आत. त्यात काकू जमिनीपासून चार बोटं वर लटकलेल्या, आणि कपाळावरची आठी न् आठी मोजून घ्यावी!

“हाच!” काका ओरडले. जुना कॅमेरा बदल्यात देऊन त्यांनी तो घेतला.

झूम नाही म्हटल्यावर शनिवारी काकांना मैदानाच्या रेषेला चिकटूनच बसावं लागलं. पण फोटो असे येत होते, की घामाचे थेंब दिसावेत. शेवटचा सेट, पाहुण्यांना एकच गुण हवा. त्यांचा चेंडू तरंगत आला, सात नंबरची हात पसरून धावली, तिचा चेहरा भिंगात आला. आणि तीस वर्षांच्या सवयीने काकांच्या तोंडून सुटलं, “हलू नका!”

आमच्या सहाही मुली जागच्या जागी ताठ. हनुवटी वर, हात बाजूला. चेंडू त्यांच्या मधोमध टप्पकन पडला.

पंचांनी शिट्टी वाजवली. सामना संपला.

काका कॅमेरा पोटाशी धरून तसेच बसले. सात नंबरची रडत रडत आली, “काय केलंत काका!” म्हणत तिने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावलं आणि तिचं रडणं अर्ध्यावर थांबलं. “मोठ्या बाई, इकडे या. यात तुम्हीसुद्धा आहात!”

सहा मुलींच्या मागे, प्रेक्षकांत, मोठ्या बाई हनुवटी वर करून उभ्या. पापणीसुद्धा स्पष्ट.

बाईंनी येऊन फोटो पाहिला. “वर्गाचे फोटो सोमवारपासून. वेळेवर या,” त्या म्हणाल्या. “पण खेळाच्या वेळी पुन्हा या हॉलच्या आसपास दिसायचं नाही.”

शाळा राहिली. काकांनी डोळे पुसले. फक्त आता उडत्या माणसाला हवेत पकडणारा कॅमेरा गळ्यात आहे, आणि समोर सगळी हात बांधून उभी. अधूनमधून ते काकूंकडे आशेने बघतात. काकू गुडघे दाखवतात.