दुसऱ्या ब्रेकचे रबर

कुणाची काळजी डोक्यात असते, कुणाची पोटात. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची काळजी पायात होती, तीही एकट्या उजव्या पायात.

सव्वीस वर्षे ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. शिकणारा स्टिअरिंगवर आणि मास्तर शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायापाशी एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गडबडलाच तर मास्तरांनी तो दाबावा, एवढ्यासाठीच. पण कुणी गडबडण्याची वाट पाहत बसणे मास्तरांच्या स्वभावात नव्हते. वळण दिसले की दाब, सायकल दिसली की दाब, लांबवर एखादे कुत्रे अंग झाडून उठले तरी दाब. तेही इतक्या हलक्या पायाने, की शिकणाऱ्याला वाटावे, गाडीच मुळात शहाणी आहे.

घरीही तेच. निघताना गॅसचे बटण तीनदा पाहायचे, कुलूप ओढून पाहायचे आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचे. आभाळ स्वच्छ असले तरी काखेत छत्री. भाजी कोणती करू असे बायकोने विचारले, की म्हणायचे "बघू", आणि पानावर बसेपर्यंत बघतच राहायचे.

"अहो, झोपेतसुद्धा ब्रेक मारता तुम्ही," बायको म्हणाली. "काल एवढ्या जोरात पाय झाडलात, की मी पलंगाच्या कडेपर्यंत गेले."

"खाली नाही ना पडलीस?"

"नाही."

"मग लागला की ब्रेक वेळेवर!"

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार अभिमान होता. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आला नव्हता. नवीन माणूस शिकायला आला, की मास्तर आधी त्याला गाडीभोवती एक फेरी मारायला लावत. "काही दिसलं? नाही ना? दिसायचंही नाही."

अशीच एक फेरी मारून दवाखान्यातल्या सिस्टर शिकायला बसल्या होत्या. वय बावन्न. टेकडीपलीकडच्या आरोग्य केंद्रावर मुख्य सिस्टर म्हणून त्यांची निवड झाली होती. तिकडे रोग्यांच्या घरी केंद्राची गाडी स्वतः चालवत जावे लागे. म्हणून अट एकच होती, महिनाअखेरपर्यंत लायसन्स. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना.

सिस्टर दोनदा नापास झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. इन्स्पेक्टर साहेब चालत्या गाडीत अचानक "थांबा" म्हणत आणि गाडी पांढऱ्या रेषेपुढे जाऊन थांबे. पहिल्यांदा अख्खी, दुसऱ्यांदा दोन हात. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. त्यानंतरची थेट दोन महिन्यांनी, म्हणजे त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखीच.

"मास्तर, तुम्ही शेजारी असलात की गाडी कशी अलगद थांबते," सोमवारी सिस्टर म्हणाल्या. "साहेब बसले, की तीच गाडी ठार बहिरी होते. माझं काय चुकतंय?"

"परीक्षेची भीती असते हो. सगळ्यांनाच असते," मास्तर म्हणाले. त्यांचे बरेच विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच पास होत, आणि इतकी वर्षे त्यांनी स्वतःलाही हेच उत्तर दिले होते.

मंगळवारी गाडी गॅरेजला होती. मिस्त्री दोन्ही ब्रेकच्या पेडलवरची रबरे काढून हातात घेऊन आला. एकावरच्या रेघा नव्यासारख्या करकरीत होत्या. दुसरे झिजून झिजून साबणाच्या शेवटच्या चिपेसारखे झाले होते.

"दोन्ही एकाच दिवशी बसवली होती, मी माझ्या हातानं," मिस्त्री म्हणाला. "हे चांगलं आहे ना, ते शिकणाऱ्याच्या ब्रेकचं. आणि हे तुमच्या ब्रेकचं. मास्तर, रागावू नका, पण ही गाडी चालवतं कोण?"

मास्तर मोठ्याने हसले. मग त्यांचे हसू मध्येच थांबले.

"तुमच्या बाजूला नवीन बसवून टाकू?"

"बघू," मास्तर म्हणाले. झिजलेले रबर त्यांनी खिशात टाकले आणि ते निघाले. त्या संध्याकाळी घराला कुलूप लावून बाहेर पडताना ते ओढून पाहायचेही त्यांच्या लक्षात राहिले नाही.

आता करायचे काय? गप्प बसता आले असते. सिस्टरांना दुसऱ्या मास्तरांकडे पाठवता आले असते, तब्येतीचे निमित्त सांगून. रात्री जेवताना त्यांनी हे दोन्ही मार्ग नीट तपासले आणि दोन्हींपाशी ठसका लागला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बुधवारी सकाळी गाडीत बसल्याबरोबर मास्तरांनी ते रबर सिस्टरांच्या हातावर ठेवले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. "दोनदा नापास झालात ना, ते खरं म्हणजे मी झालोय."

सिस्टरांनी रबरावरून अंगठा फिरवला. "म्हणजे दोन महिने मी ब्रेकवर पाय ठेवून नुसती पॅसेंजर?"

"साधारण तसंच."

"आणि हे मला परीक्षेच्या दोन दिवस आधी सांगताय!"

"मलाच काल कळलं."

सिस्टरांनी रबर ठक्कन डॅशबोर्डवर ठेवले. मास्तरांना वाटले, आता दार उघडून चालत्या होणार. पण त्या म्हणाल्या, "मी पहिलं इंजेक्शन दिलं ना, तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मला वाटायचं, काय तो रुबाब! नंतर पाहिलं, तर त्यांच्या मनगटावर स्वतःच्याच नखांचे वळ."

"घाबरल्या होत्या?"

"माझ्याहून जास्त. पण हात पुढे नाही आणला." त्यांनी किल्ली फिरवली. "चला, आज तुम्हीही बांधा."

"हात?"

"पाय हो! हात बांधून काय करू?"

मास्तरांनी बूट काढले, सीटवर मांडी घातली आणि वरून पट्टा लावला. आधी मोकळ्या मैदानात दहा-बारा वेळा "थांबा" झाले. मैदानात धडकायला काही नव्हते, त्यामुळे मास्तरांचा धीर टिकला. मग गोदामांच्या मागचा उतार. तिथे पहिली सायकल दिसताच मांडीखालचा पंजा सुटायला बघू लागला. मास्तरांनी दोन्ही गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले.

उताराच्या पायथ्याशी गल्लीतून एक हातगाडी आडवी आली.

कचकन ब्रेक लागला. मागच्या सीटवरची छत्री दोघांच्या मधून उडत डॅशबोर्डवर येऊन आदळली. हातगाडी हातभर अंतरावर होती आणि हातगाडीवाला काय बोलत होता ते काच बंद असल्याने ऐकू आले नाही, हे बरेच झाले.

"थांबली," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही थांबवली," मास्तर म्हणाले. "छत्री साक्षीला आहे."

गुरुवारी सिस्टरांनी गाडी मागे घेताना स्कूलच्या फाटकाला घासली. मागच्या दारावर चांगला वीतभर ओरखडा उठला. मास्तर खाली उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी तो वरून पाहिला, बाजूने पाहिला, बोट फिरवून पाहिला. सव्वीस वर्षे ज्याची धास्ती घेतली होती, तो हा एवढासा!

"भरून देते मी," सिस्टर ओशाळून म्हणाल्या.

"असू दे. निदान नव्या माणसाला फेरी मारताना काहीतरी बघायला मिळेल."

शुक्रवारी परीक्षेच्या मैदानावर मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसावे लागले. साहेब गाडीत बसले आणि गाडी निघाली. जमिनीवर टेकलेला उजवा पाय आपला आपण दाबला जातोय, हे लक्षात येताच मास्तरांनी बूट काढले आणि बाकावर मांडी ठोकली. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

गाडी दुसऱ्या टोकाला पोहोचली, वळली आणि वेगाने रेषेकडे येऊ लागली. "थांबा" इतक्या लांब ऐकू येणार नव्हते. गाडीचे नाक एकदम खाली गेले आणि ती उभी राहिली. रेषा वीतभर पुढे होती.

साहेब आत बसून बराच वेळ काहीतरी लिहीत होते. अखेर दार उघडले, आणि कागद हातात धरून सिस्टर जवळजवळ धावतच आल्या.

"मास्तर, झालं! आता पाय खाली सोडा."

"सुटत नाहीत हो. मुंग्या आल्यात."

सिस्टरांनी रोग्याला उठवावे तसे काखेत हात घालून त्यांना उठवले आणि गाडीपर्यंत आणले. परत येताना गाडी त्यांनीच चालवली. मास्तरांचे दोन्ही पाय बधिर होते, त्यामुळे जादा ब्रेकचा प्रश्नच आला नाही.

वाटेत गॅरेजपाशी मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. मिस्त्रीने ओरखडा पाहिला, मग मास्तरांकडे पाहिले.

"नवीन रबर बसव माझ्या बाजूला," मास्तर म्हणाले. "आणि चांगल्यातलं बसव. हे मी रिटायर होईपर्यंत टिकलं पाहिजे."